मानवी जीवशास्त्राची पदवी आपल्याकडे सुरू करा
महाराष्ट्रातील अकृषी विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुलं पत्र

सन्माननीय कुलगुरू महोदया आणि महोदय,



एका तालुक्याच्या गावातल्या वरिष्ठ महाविद्यालयात मी निवृत्तीपर्यंत बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र शिकवलं. काही काळ अभ्यास मंडळावरही होतो, त्यामुळे नवा अभ्यासक्रम सुरू करायचा म्हणजे फाइल किती टेबलांवरून फिरते हे मला ठाऊक आहे. तरीही एक मागणी जाहीरपणे करतो आहे. राज्यातल्या निदान दोन-तीन विद्यापीठांनी मानवी जीवशास्त्राची चार वर्षांची ऑनर्स पदवी सुरू करावी. ती अनुदानित असावी आणि मराठीतून शिकायची मुभा असावी. डॉक्टर होता आलं नाही त्यांची सोय म्हणून तिच्याकडे कुणी पाहू नये.

हे शेवटचं वाक्य आधी नीट मांडतो, कारण सगळं तिथंच अडतं. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या मुलांपुढे आपण एकच दार ठेवलं आहे. २०२४ साली देशभरातून २३ लाखांहून जास्त मुलं नीटला बसली. एमबीबीएसच्या जागा तेव्हा लाखाच्या थोड्या वर होत्या. बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग असं करत काही मुलं पुढं सरकतात, काही ‘रिपीट’ करतात, आणि उरलेली ऑगस्टमध्ये आमच्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसतात. घरी सांगितलेलं असतं की हे वर्ष नुसतं नावाला, अभ्यास नीटचाच करायचा. दोन-तीन वर्षं अशी जातात. त्या मुलांना माणसाच्या शरीराची ओढ असते, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. हृदयाचं चक्र शिकवताना शेवटचा बाकही सरळ होऊन बसतो. पण पुढच्या तासाला आम्हाला नेरीसचे पॅरापोडिया शिकवायचे असतात. प्राणिशास्त्रावर माझा जीव आहे आणि नेरीस शिकवण्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. मात्र माणूस हाच ज्याच्या कुतूहलाचा विषय आहे, त्याला वैद्यकाबाहेर पदवीला जागा नाही, ही आपल्या विद्यापीठांची उणीव आहे. तिचा भार मुलांनी का वाहावा?

मानवी जीवशास्त्र म्हणजे काय, हे व्याख्येपेक्षा उदाहरणानं सांगणं बरं. ते आपल्याच मातीतलं आहे.

१९५२ साली मुंबईत परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांच्यापुढे रक्ताचे काही नमुने आले. नेहमीची तपासणी केली की हे रक्त ‘ओ’ गटाचं दिसत होतं. स्लाइडवर अँटी-ए टाकलं, गुठळी नाही. अँटी-बी टाकलं, गुठळी नाही. कुठलाही तंत्रज्ञ अशा वेळी ‘ओ’ असंच लिहील. पण या रक्ताचा सीरम ‘ओ’ गटाच्या पेशींशी मिसळला, तर त्यांच्याच गुठळ्या व्हायला लागल्या. म्हणजे ‘ओ’ रक्तदाता, ज्याचं रक्त कुणालाही चालतं असं आपण शाळेत शिकलो, तोच इथं चालत नव्हता. कारण असं, की ‘ए’ आणि ‘बी’ या दोन्ही खुणा पेशीच्या पृष्ठभागावरच्या ‘एच’ नावाच्या पायावर उभ्या राहतात. ‘ओ’ गटात वरची बांधणी नसते, पण पाया भरपूर असतो. या माणसांमध्ये तो पायाच नव्हता. त्यांच्या शरीराला ‘एच’ परकं वाटत होतं, म्हणून त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होती. इंग्लंडमधल्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॅटकिन्स यांच्या साथीनं हा शोध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला आणि ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव जगभरातल्या पाठ्यपुस्तकांत गेलं. युरोपात हा गट दहा लाखांत एखाद्याचा. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा.

पुढच्याच वर्षी, १९५३ साली, पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून इरावती कर्वे यांचा भारतातल्या नातेसंबंधांच्या रचनेवरचा इंग्रजी ग्रंथ आला. उत्तरेत सात-सात पिढ्यांचं नातं टाळून लग्न ठरतं, दक्षिणेत मामा-भाचीचंही चालतं आणि या दोहोंच्या मध्ये असलेल्या महाराष्ट्रात अनेक जातींत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानतात, ही सगळी मांडणी त्यात आहे. बॉम्बे गट दिसायला आई आणि वडील दोघांकडूनही तोच दुर्मीळ जनुक यावा लागतो. नात्यात लग्न झालं की दोघांकडे एकाच पूर्वजाचा जनुक असण्याची शक्यता वाढते, आणि जातीतल्या जातीत लग्न करत राहिलेल्या समाजांत असे जनुक वाटले जातात तेही असमान. परळच्या प्रयोगशाळेतलं कोडं आणि डेक्कन कॉलेजातल्या टेबलावरचं पुस्तक हे असे एकमेकांना भिडतात. दोन्ही एकाच तासाला वाचायला मिळणं, हीच या पदवीची माझ्या मनातली कल्पना आहे. आज भेंड्यांचं काम एमबीबीएसच्या पॅथॉलॉजीत एका परिच्छेदात येतं, कर्व्यांचं काम समाजशास्त्राच्या संदर्भसूचीत. विज्ञानाच्या मुलाला इरावतीबाई भेटतात त्या ‘युगान्त’च्या लेखिका म्हणून. त्या शास्त्रज्ञ होत्या, माणसांची मापं घेत त्या देशभर हिंडल्या, हे त्याला कुणी सांगतच नाही.

दुसरं उदाहरण पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातलं. घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ अशी प्रदीर्घ खोदाई केली. तीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव निघालं. घरांच्या जमिनीखाली दोनशेहून जास्त दफनं सापडली, त्यातली बहुतेक तान्ह्या आणि लहान मुलांची. दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले, आत बाळ. डॉ. सुभाष वाळिंबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मुलांच्या हाडांचा आणि दातांचा अभ्यास केला. दुधाच्या दाताचं इनॅमल आई गरोदर असतानाच बसायला लागतं आणि जन्मानंतर काही महिने बसत राहतं. त्या काळात उपासमार किंवा आजारपण झालं की त्यावर खड्डा किंवा रेघ राहते. एकदा बसलेलं इनॅमल पुन्हा बदलत नाही, त्यामुळे ती नोंद तीन हजार वर्षं टिकते. पाऊस हटला, पिकं बुडाली, माणसं अर्धभटकी झाली, हे पुरातत्त्व मडक्यांवरून आणि धान्यावरून सांगतं. त्या वर्षांत बाळंतिणीच्या आणि बाळाच्या अंगाला काय लागलं, हे इनॅमलचा खड्डा सांगतो.

त्याच पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या चमूनं गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. कोण काय खातं, किती काम करतं, बाळ किती वजनाचं होतं, आणि ते बाळ पुढं वाढताना त्याच्या रक्तातल्या साखरेचं काय होतं, याचा पाठपुरावा वर्षानुवर्षं चालला. ही बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. पण हाडं-मांस कमी असलं तरी कातडीखालची चरबी त्या प्रमाणात कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीचं. अशा बाळाला पुढं मधुमेहाचा धोका का, हा प्रश्न यातून जगापुढे आला. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी स्वतःचेच आकडे मांडले. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. सोबत दोघांचा फोटो. मी तो लेख आमच्या वर्गात नेहमी दाखवत असे. वजनकाट्यानं दोन माणसांना सारखं ठरवलं तरी त्यांची शरीरं किती वेगळी असू शकतात, हे त्या एका पानावर समजतं. शिवाय कुठल्याही परदेशी तक्त्यावरून आपल्या माणसाला ‘नॉर्मल’ म्हणण्यापूर्वी थांबायला हवं, हेही मुलांना आपोआप कळतं.

इनामगावची बाळं आणि या सहा गावांतली बाळं यांच्यात तीन हजार वर्षांचं अंतर आहे, पण विचारायचे प्रश्न तेच आहेत. आई काय खात होती, पाऊस कसा होता, घरात कुणाच्या ताटात किती पडत होतं. या प्रश्नांसाठी एक विद्याशाखा पुरत नाही, आणि आपण मुलांना पहिल्या वर्षापासून एकाच शाखेच्या कुंपणात उभं करतो.

कुंपण कुठं बोचतं ते सांगतो. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत हिमोग्लोबिन मोजायचा एक प्रयोग असतो, साहलीच्या पद्धतीचा. नळीत २० च्या खुणेपर्यंत एन बाय टेन हायड्रोक्लोरिक आम्ल घ्यायचं, बोटाला लॅन्सेट टोचून पिपेटनं वीस घन मिलिमीटर रक्त ओढायचं, पिपेटचं टोक पुसून ते हलकेच आम्लात सोडायचं. रक्त तपकिरी होतं. दहा मिनिटं थांबून थेंब थेंब पाणी घालत, काचेच्या कांडीनं ढवळत, शेजारच्या ठरावीक रंगाशी जुळेपर्यंत जायचं. जुळलं की नळीवरचा आकडा वाचायचा. वसतिगृहात राहणारी एक मुलगी, हात अगदी स्थिर, काम देखणं. तिचा आकडा साडेआठ आला. तिनं जर्नलमध्ये तो लिहिला, शेजारी ‘नॉर्मल रेंज’ लिहिली, आणि विचारलं, “सर, माझं एवढं कमी कशामुळे असेल?” अभ्यासक्रमाप्रमाणे माझं काम तिच्या जर्नलवर सही करण्यापाशी संपत होतं. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं तर मेसच्या जेवणात काय असतं, जेवणावर लगेच चहा घेतल्यानं लोह किती शोषलं जातं, पाळीत रक्त किती जातं आणि ते कुणाशी बोलता येतं का, गावाकडं अनवाणी शेतात गेल्यानं पोटात अंकुशकृमी आहेत का, घराण्यात सिकलसेल किंवा थॅलेसीमिया आहे का, आणि घरी सगळ्यात शेवटी जेवायला कोण बसतं, इतकं सगळं विचारावं लागतं. तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या. प्रश्न मात्र वर्गातच राहिला. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आहेत असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निघालं; महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक. म्हणजे बी.एस्सी.च्या कुठल्याही वर्गात हा प्रश्न विचारणारी मुलगी बसलेलीच आहे.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. यूजीसीनं पदवीच्या वर्गात प्राण्यांचं विच्छेदन थांबवायला लावलं, तेव्हापासून आमच्या प्रयोगशाळांत तक्ते आणि चित्रफिती उरल्या. त्या जागी विद्यार्थ्याचं स्वतःचं शरीर आहेच. नाडी, रक्तदाब, पायऱ्या चढून-उतरून होणारी स्टेप टेस्ट, गालाच्या आतल्या पेशींतला बार बॉडी, कॅलिपरनं मोजलेली त्वचेची घडी, उंची, बसलेली उंची. महागडं यंत्र यातल्या कशालाच लागत नाही. लागते ती शिस्त, आणि माणसाविषयी आदर. मुलीचं वजन वर्गात मोठ्यानं वाचून दाखवायचं नाही, संमती घेतल्याशिवाय कुणाचं रक्त काढायचं नाही, कुणाचा रिपोर्ट कट्ट्यावरच्या गप्पांत जायचा नाही. नैतिकता समिती म्हणजे काय हे ज्याला पहिल्या सत्रात स्वतःच्या अंगावर कळलं, तो पुढे गावात सर्वेक्षणाला जाईल तेव्हा वेगळा वागेल.

आता विदर्भातला सिकलसेल. तिकडच्या घरांत ‘एएस पॅटर्न’ आणि ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द शाळेत न गेलेल्या आजीच्याही तोंडी असतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आलं, एवढ्यानं लाल पेशी कोयत्यासारखी वाकते. एका बाजूनं हा जनुक आला तर माणूस वाहक (एएस), दोन्हीकडून आला तर आजारी (एसएस). वाहकाला मलेरियाचा जीवघेणा झटका येण्याची शक्यता कमी असते, म्हणून मलेरियाच्या प्रदेशांत हा जनुक टिकला. जंगलाकाठच्या समाजांत तो जास्त का, याचं उत्तर तिथं आहे. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, उद्दिष्ट २०४७. कोट्यवधी लोकांची तपासणी होणार आहे, होते आहे. पण तपासणीनंतर घरात जाऊन बोलणार कोण? ‘दोघंही एएस असतील तर चारातलं एक मूल आजारी’, असं सांगितलं की लोक हिशेब करतात: एक झालं, आता तीन सुटली. वस्तुतः प्रत्येक गर्भारपणात शक्यता नव्यानं तेवढीच, चारात एक. संभाव्यतेची ही साधी गोष्ट नीट सांगता न आल्यामुळे घरं उद्ध्वस्त होतात. दुसरीकडे वाहक मुलीला सरसकट नकार येतो, मुलाचा पॅटर्न कुणी विचारत नाही. जनुकशास्त्र, संख्याशास्त्र, गोंडी-माडियाची चार वाक्यं आणि लग्नं कशी जुळतात याची जाण, एवढं एकत्र असलेली माणसं इथं हवी आहेत. डॉक्टरला यासाठी वेळ नाही आणि प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञाला याचं प्रशिक्षण नाही.

गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, ते निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध झाले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. दवाखान्यातल्या नोंदींवरून हे कधीच कळलं नसतं. शरीराचा अभ्यास गावात जाऊन करावा लागतो, हे या राज्यातल्या माणसांनी जगाला दाखवून दिलं. त्याच राज्यात पदवीच्या मुलाला गाव दिसतं ते एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात.

या पदवीत एक गोष्ट पहिल्या वर्षापासून हवी, आणि तिच्यावर मी अडून बसेन. माणसाच्या शरीराच्या अभ्यासाचा काळा इतिहास मुलांना शिकवला गेला पाहिजे. इरावतीबाई १९२८ साली बर्लिनला गेल्या. तिथल्या मानववंश, आनुवंशिकता आणि युजेनिक्स या विषयांच्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑइगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशानुसार बदलतो का, हा विषय. गोऱ्या वंशाचं श्रेष्ठत्व मानणाऱ्या मार्गदर्शकाला जे उत्तर हवं होतं ते कवट्यांत नव्हतं, आणि पंचविशीच्या आतल्या त्या मराठी बाईंनी नाही म्हणूनच लिहिलं. पुढं त्याच संस्थेतल्या विद्येचा आधार नाझींच्या वंशशुद्धीच्या धोरणांना मिळाला. कॅलिपर तोच, माप तेच. ते कशासाठी घ्यायचं आणि त्यातून काय म्हणायचं नाही, हे शिकवलं नाही तर ही विद्या घातक ठरते. आज ‘तुमच्या जनुकांत काय लिहिलंय’ सांगणाऱ्या जाहिराती फोनवर येतात. अमुक जात मूळची इथली, तमुक बाहेरची, असं डीएनएच्या नावावर छातीठोक सांगणारे व्हिडिओ लाखो लोक पाहतात. त्यांना उत्तर देऊ शकेल असा पदवीधर आपल्याकडे तयार होत नाही.

जगात अशी पदवी नवी नाही. स्टॅनफर्डमध्ये १९७० च्या सुमारास फोर्ड फाउंडेशनच्या मदतीनं ‘ह्यूमन बायॉलॉजी’चा कार्यक्रम उभा राहिला. नोबेल विजेते जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग, मनोविकारतज्ज्ञ डेव्हिड हॅम्बर्ग, जीवशास्त्रज्ञ डोनाल्ड केनेडी आणि पॉल अर्लिक ही मंडळी त्यामागे होती. त्यांचा गाभा वर्षभराचा आणि दोन बाजूंचा: एका बाजूला पेशी, जनुक, शरीरक्रिया, दुसऱ्या बाजूला कुटुंब, वर्तन, समाज, धोरण. विद्यार्थ्यानं दोन्ही बाजू एकाच वेळी शिकायच्या. ऑक्सफर्डची ‘ह्यूमन सायन्सेस’ही त्याच काळातली. दिल्लीच्या एम्समध्ये मानवी जीवशास्त्राची ऑनर्स पदवी बरीच वर्षं होती, नंतर ती बंद झाली. दिल्ली विद्यापीठात मानवशास्त्राची बी.एस्सी. ऑनर्स आहे. आपल्या पुण्यात मात्र एक विचित्र दृश्य दिसतं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत शेकडो मुलं यूपीएससीचा वैकल्पिक विषय म्हणून मानवशास्त्र घोकत असतात. उत्क्रांती, जनुकशास्त्र, वाढ आणि पोषण सगळं त्या अभ्यासक्रमात आहे. त्यातल्या बहुतेकांना हा विषय महाविद्यालयात घ्यायची संधी कधी मिळालेलीच नसते. फी भरून, नोट्स विकत घेऊन ते तो शिकतात आणि म्हणतात, हे आधी का नाही शिकवलं?

आपल्यासमोर अडचणी कोणत्या येतील, हे मला दिसतं.

पहिली अडचण कार्यभाराची. प्राणिशास्त्र विभाग म्हणेल, आमचे विद्यार्थी पळवाल. सूक्ष्मजीवशास्त्र म्हणेल, आमचा पेपर घ्या. समाजशास्त्राला तर विज्ञानाच्या इमारतीत पाऊल ठेवायला जागा नसते. म्हणून ही पदवी प्राणिशास्त्राच्या पेपरांना नवी नावं देऊन सुरू करू नका, ही हात जोडून विनंती. तसं झालं तर तीन वर्षांत ती मोडेल. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानं आंतरविद्याशाखीय अभ्यासाची स्वतंत्र विद्याशाखा दिली आहे. ती अशाच गोष्टींसाठी आहे. गाभ्याच्या प्रत्येक पेपराला दोन शिक्षक असावेत, एक जीवशास्त्राचा आणि एक समाजविज्ञानाचा, आणि दोघांनीही वर्गात एकत्र उभं राहावं. दोघांचेही तास कार्यभारात धरले जावेत. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांच्या जिवावर हे चालणार नाही.

दुसरी अडचण पोटापाण्याची, आणि पालक तीच विचारणार. तिथं खोटं आश्वासन नको. या पदवीनं रुग्ण तपासायचा किंवा पॅथॉलॉजी लॅब चालवायचा अधिकार मिळत नाही, हे माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर ठळक छापा. जनुकीय समुपदेशन, सार्वजनिक आरोग्य, साथरोगशास्त्र, पोषण, न्यायवैद्यक विज्ञान, क्रीडाविज्ञान, औषधचाचण्यांचं समन्वयन, आरोग्यपत्रकारिता, यांतल्या बहुतेकांना पुढं पदव्युत्तर शिक्षण लागतं. चौथ्या वर्षाच्या संशोधनासह ऑनर्स झालेला विद्यार्थी तिथं तयारीनिशी पोचेल, एवढं आपण म्हणू शकतो आणि तेवढंच म्हणावं. त्यासाठी संख्याशास्त्र आठही सत्रांत हवं. जीवशास्त्राची मुलं गणिताला घाबरून जीवशास्त्र घेतात हे मला माहीत आहे. स्वतः मोजलेल्या शंभर उंचींची सरासरी आणि विचलन काढायला दिलं की ती भीती बऱ्यापैकी जाते.

तिसरी अडचण पैशाची. ‘विनाअनुदानित तुकडी म्हणून परवानगी देतो’, हे उत्तर येईल याची मला खात्री आहे. कृपया ते देऊ नका. साठ-सत्तर हजार फी लावली की ज्या मुलीच्या नळीत साडेआठ आलं, ती या वर्गाच्या दारापर्यंतही येणार नाही. या विद्येची खरी गरज तिच्या गावाला आहे.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात क्षेत्रीय प्रकल्प, ऑन जॉब ट्रेनिंग, समाज-सहभाग यांना श्रेयांक आहेत. आज अनेक ठिकाणी ते कुठून तरी शिक्का मारून आणलेल्या प्रमाणपत्रांवर निघतात. ते सगळे श्रेयांक एका गावाला किंवा एका वस्तीला जोडा. विद्यार्थ्यांच्या एका गटानं एकच गाव दोन वर्षं सांभाळावं: अंगणवाडीतल्या मुलांची उंची-वजनं, आशाताईंच्या नोंदी, पाण्याचा स्रोत, घरागणिक आहार. मग निघालेलं सगळं ग्रामसभेत मराठीत मांडावं, आणि लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना तिथंच उत्तर द्यावं. परीक्षेचे गुण त्या मांडणीलाही असावेत.

सुरुवात कुठून, याबद्दल माझी सूचना आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे मानवशास्त्र विभाग आहे, शेजारी डेक्कन कॉलेजातला सांगाड्यांचा संग्रह आणि केईएमचं ग्रामीण काम आहे. मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत परळला आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, जिथं भाटियांच्या कामाचा वारसा आजही चालतो. नागपूर आणि गोंडवाना या दोन विद्यापीठांनी सिकलसेलचा प्रदेश समोर ठेवून एकत्र पदवी आखावी. प्रत्येक ठिकाणी तीस विद्यार्थी पुरेत. अभ्यासक्रम तिन्हीकडे सारखा असण्याचीही गरज नाही. पुण्यात हाडं आणि पोषण जास्त असेल, मुंबईत रक्त आणि शहरातली वस्ती, तिकडे जनुक आणि जंगल.

पुस्तकांचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण तो सगळ्यात सोपा आहे. मराठीत शरीरविज्ञानावर, उत्क्रांतीवर, आरोग्यावर चांगलं लिहिणारी माणसं आहेत. विश्वकोशाच्या नोंदी आहेत. विद्यापीठाला मानधन देऊन दोन वर्षांत आठ-दहा पाठ्यपुस्तकं लिहून घेता येतील. संज्ञा इंग्रजी ठेवा, वाक्यं मराठी ठेवा. हिमोग्लोबिनला प्रतिशब्द शोधत बसण्यात वेळ घालवू नये.

विद्वत परिषदेच्या येत्या बैठकीत हा विषय पत्रिकेवर घ्यावा आणि शिक्षक, डॉक्टर, मानवशास्त्रज्ञ आणि एखादी अनुभवी आशा कार्यकर्ती असा अभ्यासगट नेमावा, एवढं मागतो. प्रात्यक्षिकांचा पहिल्या दोन वर्षांचा आराखडा, लागणाऱ्या साहित्याच्या यादीसह, मी तयार करून ठेवला आहे. ज्या विद्यापीठाला हवा असेल त्याला तो विनामोबदला पाठवीन आणि बोलावलं तर येऊन करूनही दाखवीन.

कळावे,

आपला विश्वासू,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक